पिस्ता नेसणार नाही

मे महिना लागला की आमच्या सानपाड्यात दोन गोष्टींना ऊत येतो, उन्हाला आणि लग्नांना. संध्याकाळी बाल्कनीत उभं राहिलं की खाडीवरून खारट, कोमट वारा येतो आणि त्याच्यासोबत कुठल्या तरी हॉलमधला बँजो. लिफ्टमध्ये रोज कुणीतरी जरीत गुंडाळलेलं, घामाने निथळणारं, हातात आहेराची पिशवी घेतलेलं भेटतं. रस्त्याकडेचा बहावा पिवळाधमक होऊन लोंबत असतो आणि त्याला कुणी विचारत नाही की बाबा, हा रंग तुला शोभतो का.

मला मात्र विचारतात. काय नेसायचं हा प्रश्न या दिवसांत सगळ्याच बायकांना पडतो, पण इतरांना तो कपाटासमोर पडतो आणि मला आरशासमोर पडत आला. कारण मी सावळी आहे. खरं तर सावळी हा शब्दही लोकांनी माझ्यावर दया करून दिलेला. काळी आहे मी, सरळ सांगते. पन्नाशी उलटली, आता कुणाला फसवायचंय?

यंदा लग्न घरातलंच होतं. माझ्या धाकट्या भावाची, संजूची, एकुलती एक मुलगी सायली. लग्नाचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला आणि पहिल्याच दिवशी माझ्या भावजयीचा, प्रज्ञाचा, हुकूम आला: 'हळदीला सगळ्यांनी पिवळं. लग्नाला सगळ्यांनी पेस्टल. फोटो रिच येतात.' आणि ग्रुप सोडून मला एकटीला वेगळा मेसेज: 'ताई, तुमच्यासाठी मी पिस्ता बघून ठेवलाय. तुम्हाला तोच बरा दिसतो.' मी अंगठा पाठवून दिला. इतक्या वर्षांची सवय, बोटाला विचारावंसुद्धा लागलं नाही.

पिस्ता, बदामी, मोतिया, फिका आकाशी. आयुष्यभर हेच नेसत आले. सावळ्या मुलींच्या नशिबी बघा कसा सगळा सुकामेवाच येतो. राणी कलर गोरीला, लाल गोरीला, झेंडू तर गोरीलाच. साडीच्या दुकानात गेलं की गादीवरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग मागच्या पोराला ओरडतो, "इंग्लिश कलर काढ रे!" इंग्लिश कलर म्हणजे असे रंग, की धुवायच्या आधीच धुतल्यासारखे दिसतात. त्या ढिगात बसून मी कित्येक लग्नांच्या साड्या घेतल्या आणि त्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये मी कुठेतरी मागे आहे, भिंतीच्या रंगाची.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तळोज्याला रंगाच्या कंपनीत होते. कपडा रंगवायचे रंग तिथे बनत. कराडकडून मुंबईला आलेला माणूस, तिथून खाडी ओलांडून इकडे स्थायिक झाला, आणि त्याच्या ड्यूटीवर ज्या आठवड्यात जो रंग असेल तो त्याच्या नखांत येऊन बसे. कधी निळी नखं, कधी जांभळी. घासूनपुसून अंग स्वच्छ व्हायचं, पण नखं काही सुटायची नाहीत. आम्ही भावंडं शाळेतून आलो की आधी अण्णांचे हात बघायचो. आज कुठला? सगळ्यांत जास्त मला आवडायचा तो केशरी, दाट, झेंडूसारखा. तो आला की अण्णा जेवताना भाताला हात लावायचे आणि भात पांढरा आणि बोटं झेंडू, असं ते ताट दिसायचं. आई म्हणायची, "चमच्याने खा हो, काय ते." अण्णा म्हणायचे, "रंगच हाय, इख नव्हं." आणि खुशाल कालवायचे.

एका मे महिन्याचं सांगते. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. आमच्या मोठ्या काकूची मुलगी, सुमनताई, तिचं लग्न होतं. सेक्टर तेव्हा निम्मे रिकामेच होते. जुईनगरच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर मांडव घातलेला, खाली मुरूम, वर रंगीत कापड, आणि त्या कापडातून गळणारं ऊन. मुरमावर पाणी मारलं की जो वास यायचा तो अजून कुठे आला तर मी थबकते. त्यात मोगऱ्याचा, डालड्याचा, जनरेटरच्या डिझेलचा वास मिसळलेला. सुमनताईला सख्खी बहीण नव्हती, तेव्हा करवलीचा मान माझा. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी उभं राहायचं, हातात पाण्याने भरलेला तांब्या, त्यात आंब्याची पानं, वर नारळ. त्याला करा म्हणतात. मी महिनाभर आधीपासून घरात पितळी तांब्या धरून उभं राहायची प्रॅक्टिस करत होते. संजू समोर उभा राहून अक्षता म्हणून चुरमुरे मारायचा.

अण्णांनी त्या लग्नासाठी मला कापड आणलं होतं. झेंडू. अगदी त्यांच्या नखांचा. "पोरीला परकर शिव," म्हणाले आईला. आईने कापड माझ्या खांद्यावर टाकलं, मला उजेडात उभं केलं, मान वाकडी करून बघितलं आणि घडी घालून ठेवलं. "अंगावर येतंय गं," एवढंच म्हणाली. मग बाजारातून पिस्ता कलरचा तयार ड्रेस आला. आणि त्या झेंडू कापडाचे पुढे उशांचे अभ्रे झाले. कित्येक वर्षं येईल तो पाहुणा त्यांना टेकून चहा प्यायचा. मला काही शोभलं नाही, पण उशांना शोभलं!

आईवर राग धरून उपयोग नाही, तीही माझ्याच रंगाची. तिच्या सासूने तिला जे शिकवलं ते तिने मला शिकवलं. उन्हात जाऊ नको, चहा कमी पी, दुधाची साय लाव, गडद घालू नको. लग्नाच्या दिवशी तिने मला इतकी पावडर लावली की मला शिंका यायला लागल्या. मे महिन्याची दुपार. घाम फुटला आणि कानशिलावरून पावडर ओघळायला लागली. काळ्यावर पांढरी पावडर ओली झाली की तिचा रंग राखेसारखा होतो, हे सगळ्या सावळ्या मुलींना माहीत असतं.

तर अंतरपाट धरायच्या आधी मी करा घेऊन सुमनताईच्या मागे उभी राहिले. पाण्याचा थेंबही हलू दिला नाही. समोर फोटोग्राफर. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं, मान बाहेर काढली, परत बघितलं. आणि काकूला म्हणाला, "ताई, करवली दुसरी कोणी उजळ आहे का? हिच्यामुळे फ्रेममध्ये अंधार येतोय."

माझ्यासमोर म्हणाला. हळू आवाजातसुद्धा नाही, जसं कुणी म्हणतं ती खुर्ची जरा हलवा. काकू पुढे आली, माझ्या हातातून करा काढून घेतला आणि तिच्या भावाच्या मुलीच्या, बेबीच्या, हातात दिला. बेबी गोरी होती, बाकी तिला करा धरता येत नव्हता, पहिल्याच मंगलाष्टकाला तिने पाणी सुमनताईच्या पाठीवर सांडलं. माझ्या तळहातांवर तांब्याचा गारवा तसाच राहिला होता. मी मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि माझ्या वाटच्या अक्षता तिथूनच टाकल्या. पोचल्या नाहीत.

पंगत बसली तेव्हा अण्णा जिलबीची परात घेऊन निघाले. त्या आठवड्यात कंपनीत झेंडू चालू होता, दहाही नखं पेटलेली. काकू धावत आली. "भावोजी, तुम्ही वाढायला नका ना जाऊ. हात बघा तुमचे, मुलाकडचे लोक काय म्हणतील?" अण्णांनी हात उलटेसुलटे करून बघितले. "जिलबीचाच रंग हाय की वहिनी, कुणाला कळतंय!" असं म्हणाले आणि पहिल्या ताटापासून शेवटच्या ताटापर्यंत जिलबी वाढून आले. मग माझ्याशेजारी येऊन बसले. कुणीतरी त्यांना फोटोवाल्याचं सांगितलं असावं. म्हणाले, "अंधार म्हणं! त्याच्या डोळ्यांत असंल." आणि माझ्या ताटात दोन जिलब्या जास्तीच्या टाकल्या.

तेव्हा मला ते पुरलं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला जिलबी पुरत नाही. मला तो करा हवा होता. आणि नंतर पोरं बघायला यायला लागली तेव्हाही मी पिस्ता साडी नेसून पोहे नेले, आणि पोहे खाऊन लोक 'कळवतो' म्हणून गेले. ज्याने होकार दिला त्याच्या घरच्यांनी 'सावळी आहे पण तरतरीत आहे' असं म्हणत होकार दिला. तो 'पण' मी पंचवीस वर्षं संसारात वागवते आहे. नवरा चांगला आहे हो, त्याला बिचाऱ्याला रंग कळतच नाहीत. परवा साडी दाखवली तर म्हणाला, "छान आहे," आणि बघत होता मॅच.

असं सगळं चाललेलं असताना एका दुपारी सायलीचा फोन आला. मी तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात काम करते. बाहेर ट्रकांची धूळ आणि मेचा जाळ, आत फळांच्या पेट्या आणि स्वेटर घातलेली आम्ही माणसं. फोन घ्यायला मी दारात आले, अर्धं अंग गार, अर्धं अंग भाजतंय.

"आत्या, मेकअपची ट्रायल झाली."

"मग? कशी दिसलीस?"

"मला नाही माहीत. मी मला ओळखलंच नाही. चार शेड गोरी केलंय त्या बाईने. पॅकेजमध्येच आहे म्हणे. मम्मी रडली गं. आनंदाने. म्हणाली, आज माझी पोर छान दिसली."

सायली माझ्यावर गेली आहे. नाक माझं, चाल माझी आणि रंगही माझा. जन्मली तेव्हा हॉस्पिटलात कुणीतरी म्हणालं होतं, आत्यावर गेली वाटतं, आणि प्रज्ञाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मी ते बघितलं होतं.

"मग नाही म्हणून सांग ना मम्मीला," मी म्हटलं.

"लग्नाच्या घरात कोण टेन्शन घेणार? बरं ते सोड. तू काय नेसणारेस?"

"पिस्ता," मी म्हटलं.

यावर ती म्हणाली, "तू पण?"

दोनच शब्द. पण मला मांडवातला तो मुरमाचा वास आला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आत्या, माझं ऐक. तू त्या दिवशी तुला हवा तो रंग नेसून आलीस ना, तर मी त्या बाईचा हात धरेन. सांगेन, पुसा म्हणून. तू पिस्ता नेसून आलीस तर गप बसेन. बस, एवढंच." आणि फोन ठेवला. अल्बममध्ये आयुष्यभरासाठी दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा चिकटणार होता पोरीच्या नावावर, आणि ते थांबायचं की नाही ते माझ्या साडीवर. एखादी पाहुणी काय नेसते याला कुणी इतकी किंमत देईल असं मला वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी वाशीला साडीच्या दुकानात गेले. गादीवरच्या माणसाने तोंड बघितलं. "मॅडम, तुमच्यासाठी इंग्लिश कलर…"

"इंग्लिश राहू दे. तो वरचा काढ. झेंडू."

"मॅडम, तो स्किनवर उठून येतो हं."

"मग काय बसून यायला हवाय? काढ."

नारायणपेठ होती, हलकी, मे महिन्यात जीव न घेणारी. झेंडू अंगाची आणि जांभळ्या काठाची. त्याने सवयीने पदर शेजारच्या गोऱ्या सेल्सगर्लच्या खांद्यावर टाकला. मी उठले, तिच्या खांद्यावरून तो काढला आणि माझ्या खांद्यावर घेतला. आरशात बघितलं. अंगावर आला खरा. चांगला दणदणीत आला, आणि मी त्याच्यात कुठे हरवले नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा आरशात आधी मी दिसले आणि मग साडी दिसली. सावळ्यावर केशरी काय दिसतो म्हणून सांगू! ज्याने कुणी हे रंग वाटून दिले त्याने एकदाही डोळे उघडून बघितलं नसणार.

घरी आणली तर आई सोफ्यावर. अण्णा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते, ऐंशीच्या घरात आहे, अजूनही मोतियाच नेसते. पिशवीतून साडी काढली आणि तिचा चेहरा बदलला.

"अगं, अंगावर येईल तुझ्या."

"येऊ दे," मी म्हटलं, जरा चढ्याच आवाजात. भांडायची पूर्ण तयारी होती माझी. छत्तीस वर्षांची उत्तरं तोंडात तयार होती. पण आईने हात पुढे केला, साडीची घडी मांडीवर घेतली आणि अंगठ्याने तो रंग चोळत बसली, डाग निघतोय का बघावं तशी. मग म्हणाली, "ह्यांच्या नखांचा गं हा." आणि मग, मला नाही, त्या साडीलाच म्हणाली, "मी त्याचे अभ्रे केले."

मी तिच्याशेजारी बसले. दोघी रडलो, मोकळेपणाने. ब्लाउज शिवायला टाकायची आठवण तिनेच करून दिली.

प्रज्ञाला मी आधी सांगून टाकलं, चोरून काही करायचं नव्हतं. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाजच बसला. "ताई, तुमच्यासाठी नाही हो बोलत मी. मुलाकडचे सगळे गोरे आहेत. साखरपुड्यात त्यांच्या एका काकूंनी सायलीकडे बघून जे तोंड केलं ते मी बघितलंय. एक दिवस तरी कुणी काही बोलू नये माझ्या पोरीला." भीती खोटी नव्हती तिची. पण मी तिला एवढंच म्हटलं, की त्या काकूंना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा द्यायला तीच काळी पोरगी जाणार आहे ना, मग बोहल्यावर कुणाला पुढे करतेस? तिने मात्र ग्रुपवर पुन्हा एकदा टाकलं, 'लग्नाला पेस्टल, प्लीज.'

लग्नाच्या दिवशी ऊन असं, की हॉलच्या पायऱ्यांवर चप्पल काढवेना. आत एसी होता म्हणे. मी झेंडू नेसलेली, केसांत गजरा, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि तोंडाला पावडरचा कणसुद्धा नाही. सगळा हॉल पिस्ता, बदामी, फिका गुलाबी. माना वळल्या. एका चुलत भावजयीने विचारलं, "ग्रुपवरचा मेसेज बघितला नाही का हो?" म्हटलं, "बघितला ना. चांगला दोनदा बघितला." आणि सरळ नवरीच्या खोलीकडे गेले.

सायली खुर्चीत बसलेली. त्या मेकअपवालीने निम्मा चेहरा करून टाकला होता. डावा गाल सायलीचा, उजवा गाल कुणाचा कोण जाणे. मधून नाकावरून सरळ रेघ. प्रज्ञा शेजारी दागिन्यांचा डबा घेऊन उभी. सायलीने आरशात मला बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि तिचे डोळे भरले. मग तिने खरंच त्या बाईचा हात धरला.

"ताई, हे पुसा."

"मॅम, आता? पुन्हा बेसपासून…"

"बेसपासून करा. पण माझ्या रंगाचा बेस लावा. आहे का माझा रंग तुमच्या पेटीत?"

त्या बाईने पेटी उपसली. होता एक, अगदी तळाला. नवाकोरा, कधीच न उघडलेला, सील फोडावं लागलं. प्रज्ञा म्हणाली, "अगं मुहूर्त…" सायली म्हणाली, "मम्मी, मुहूर्ताला मीच उभी राहणारे ना? मग मीच दिसू दे." प्रज्ञाने डबा खाली ठेवला, कापूस घेतला आणि स्वतःच लेकीचा उजवा गाल पुसायला लागली.

करा प्रज्ञाच्या बहिणीच्या मुलीने धरायचा ठरला होता. बोहल्याकडे निघताना सायलीने तो तिच्या हातून घेतला आणि माझ्या हातात दिला. "करवली आत्या आहे," म्हणाली. कुजबुज झाली. पन्नाशीची करवली! कुणीतरी गुरुजींना विचारलं, चालतं का हो? गुरुजी घामाने बेजार. म्हणाले, "करवली कुणीही चालेल, उशीर नाही चालणार. उभ्या राहा."

उभी राहिले. तांब्या गार होता. पाणी काठापर्यंत, आंब्याची पानं, वर नारळ. हात धरायला विसरले नव्हते. समोर पहिल्या रांगेत आई बसलेली, मोतिया साडीत, गजऱ्यातलं एक फूल माझ्याकडून मागून घेतलेलं. अंतरपाटाअलीकडे माझी सायली, तिच्या स्वतःच्या रंगात, अशी तकतकीत, की बघत राहावं. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं, अक्षता पडायला लागल्या, आणि तेवढ्यात एक पोरगेला फोटोग्राफर कॅमेरा सावरत, वाकत वाकत माझ्याजवळ आला.

"मॅडम, जरा साईडला याल का? तुमचा कलर फार येतोय फ्रेममध्ये."

"येऊ दे," मी म्हटलं, आणि हलले नाही.